वाटेत हवा गेली तर

भाताची मळणी आटोपली, ज्वारी-हरभऱ्याची पेरणी मार्गी लागली की आपल्या भागातील गाड्या लांबच्या वाटेला लागतात. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण येतो, तेव्हा अळणावर, लोंढा, रामनगर, अनमोड करीत मोटारसायकलींची रीघ जुन्या गोव्याकडे जाते. मग नाताळ, मग लग्नसराई. हल्याळकडे सोयरीक असलेली कुटुंबे तर महिन्यातून दोनदा जंगलाची वाट तुडवतात. गाडीवर दोघे, मध्ये लेकरू, टाकीवर पिशवी आणि मागे बांधलेले तांदळाचे गाठोडे, असा सारा संसार दोन चाकांवर चाललेला असतो. आणि त्या दोन चाकांत असते काय, तर हवा.

गाडी घेतली की लोक ती आशीर्वादासाठी चर्चच्या दारात आणतात. हँडलला जपमाळ असते, पुढे संत ख्रिस्तोफरचे पदक असते. नवी गाडी असली तर प्रश्न नाही. परंतु दहा वर्षे दुसऱ्याने वापरलेली गाडी समोर उभी असते, तेव्हा पवित्र पाणी शिंपडताना आमची नजर चाकांकडे जाते. टायर तळहातासारखा गुळगुळीत, आणि मागच्या चाकात हवा इतकी कमी की माणूस बसताच चाक फुगते. संत ख्रिस्तोफरने वाटसरूंना खांद्यावर घेऊन नदी पार करविली अशी परंपरा आहे. म्हणून अशा टायरवर अनमोडचा घाट उतरविण्याचे कामही त्याच्याचकडे सोपवावे, हे काही बरे नव्हे.

पंक्चर रस्त्यावर झाले असे आपण म्हणतो. रस्त्यावर ते कळते एवढेच. त्याची तयारी बहुतेक वेळा आधीच घरी व शेतात झालेली असते. म्हणून हा विषय शेती व आरोग्याच्या पानावर घेतला आहे. वाचकांनी पान चुकले असे समजू नये.

हवेच्या टायरचा शेतीशी संबंध तसा जुना आहे. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले होते, परंतु त्या काळी त्याचा उपयोग कोणाला सुचला नाही व ती गोष्ट विस्मरणात गेली. पुढे आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचा गुराढोरांचा डॉक्टर होता. त्याच्या मुलाची तीनचाकी सायकल फरसबंदीवर फार आदळे, म्हणून १८८७ साली त्याने रबराच्या नळीत हवा भरून ती चाकाला बसविली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. आपल्याकडील ऊस वाहणाऱ्या रबरी चाकांच्या बैलगाडीला जुनी माणसे अजून 'डनलॉप गाडी' म्हणतात, ती या डॉक्टरच्या नावावरून. बैलाच्या मानेवरचे ओझे हलके करणारी ही युक्ती एका पशुवैद्याला सुचावी, हे आम्हास मोठे गोड वाटते.

मात्र हवेच्या चाकाबरोबर पंक्चरही जन्माला आले. आरंभी टायर रिमला डिंकाने चिकटविलेले असत. पंक्चर काढायचे म्हणजे ते सोलून काढायचे, पुन्हा चिकटवायचे आणि डिंक वाळेपर्यंत रात्रभर वाट पाहायची. फ्रान्समधील मिशलिन बंधूंच्या कारखान्यात असाच एक सायकलस्वार अडून आला, त्याच्या दुरुस्तीत त्यांचे तासन् तास गेले, आणि त्यातून १८९१ साली त्यांनी रिमवरून सहज काढता येणारा टायर आणला. आज अण्णिगेरीच्या चौकातला पोरगा पंधरा मिनिटांत पंक्चर काढून देतो, त्यामागे ही सारी खटपट आहे.

आता आपल्या काट्यांकडे वळू. धारवाडच्या पूर्वेला, नवलगुंद-अण्णिगेरीच्या काळ्या रानात, बांधावर बाभळी आहेत. कन्नडमध्ये तिला करी जाली म्हणतात. तिचा पांढरा सरळ काटा बोटाएवढा लांब होतो. ओसाड माळावर आणि नाल्याकाठी जी दाट झुडपे माजली आहेत ती वेडी बाभूळ, म्हणजे बळ्ळारी जाली. ही मूळची आपली नव्हे. अमेरिका खंडातून आलेली. १८७७ च्या सुमारास तिचे बी दक्षिण भारतात, कडप्पाकडे पेरले गेले आणि पुढे तिने सगळे माळरान व्यापले. जळणाला ती चांगली, कोळशालाही चांगली. कुंपणाला तर फुकटची. फांद्या तोडायच्या, दोर बांधायचा आणि बैलामागे किंवा ट्रॅक्टरमागे रस्त्यावरून फरफटत न्यायच्या. त्या फरफटीत किती काटे गळून वाटेवर पडतात, याचा हिशेब कोणी करीत नाही. ज्या दिवशी एखाद्या शेताला नवी शिरी लागते, त्यानंतरचा आठवडाभर त्या वाटेवरच्या दुधाच्या गाड्या, शाळेच्या सायकली आणि दवाखान्याच्या सिस्टरांची स्कूटर पंक्चर होत राहते. शहरात लोक पंक्चरवाल्यावर संशय घेतात की यानेच खिळे टाकले. तसे प्रकार घडतातही. बेंगळुरूत बेनेडिक्ट जेबाकुमार या गृहस्थांनी २०१२ पासून चुंबक फिरवून रस्त्यावरचे खिळे वेचले, ते किलोंनी मोजावे लागले. पण खेड्यातल्या वाटेवर खिळा शोधण्याआधी आपलेच कुंपण आठवावे. फांद्या गाडीत घालून न्याव्यात. ते जमत नसेल तर खाली जुने पोते किंवा ताडपत्री बांधून ओढाव्यात, आणि काम झाल्यावर खराट्याने वाट झाडावी. अर्ध्या तासाचे काम आहे.

सराट्याचे नावही येथे घेतले पाहिजे. जमिनीलगत पसरणारी, पिवळ्या फुलांची ही वेल. कन्नडमध्ये नेग्गिलु मुळ्ळु. आयुर्वेदात तिला गोक्षुर म्हणून दशमुळांत मान आहे. तिचे फळ कसेही पडले तरी एक काटा वर राहतोच, म्हणून इंग्रजी भाषेत तिला पंक्चरची वेल असेच नाव मिळाले. मोटारसायकलच्या जाड टायरला ती फारसे करीत नाही. सायकलच्या झिजलेल्या टायरला मात्र पुरते. अंगणातली आणि पायवाटेवरची सराट्याची वेल फळे धरण्यापूर्वी मुळासकट उपटावी.

घरची तयारी थोडी आहे. टायर थंड असताना, सकाळी, आठवड्यातून एकदा हवा पाहावी. किती हवा ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. एकट्याला वेगळी आणि मागे माणूस किंवा ओझे असले तर मागच्या चाकाला अधिक. दुधाचे दोन कॅन लावणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. कमी हवेच्या चाकात खड्डा लागला की रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोके पडतात. अशा पंक्चरला काटा सापडत नाही, आणि मालक पंक्चरवाल्याशी भांडत बसतो. टायरच्या खाचांमध्ये तळाशी लहान उंचवटे असतात. खाच झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायरचे आयुष्य संपले. तो टायर मग विहिरीच्या काठाला बांधा, पोरांना गाडा म्हणून द्या, पण गाडीवर ठेवू नका.

समजा, एवढे करूनही हवा गेली. कलघटगीच्या पुढे यल्लापूरच्या वाटेवर आहात, गाव मागे सहा मैल, पुढे आठ मैल. मागचे चाक बसले तर गाडीची शेपटी डोलू लागते. पुढचे बसले तर हँडल जड होते आणि गाडी एका बाजूला ओढते. पुढचे अधिक धोक्याचे. दोन्ही वेळी पहिला मोह होतो तो जोरात ब्रेक दाबण्याचा, आणि माणसे पडतात ती बहुधा त्यामुळेच. हँडल दोन्ही हातांनी घट्ट व सरळ धरावे, एक्सिलेटर सोडावा, गाडीचा वेग आपोआप उतरू द्यावा. ब्रेक लागलाच तर ज्या चाकात हवा आहे त्याचा, तोही हलक्या हाताने. मागे बसलेल्याने घाबरून उडी मारू नये व हलूही नये. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या आमच्या भगिनींना हे घरीच सांगून ठेवावे. त्या वेळी सांगायला सवड नसते.

नंतर गाडी डांबरापासून दूर न्यावी. कडेला नव्हे, कडेच्याही पलीकडे. हुबळी आणि धारवाड यांना वळसा घालणारा गब्बूर ते नरेंद्र हा बाह्यवळण रस्ता सर्वांच्या परिचयाचा आहे. दोन्ही टोकांना चौपदरी महामार्ग आणि मधला हा तुकडा दुपदरी, अशी त्याची रचना होती. १५ जानेवारी २०२१ रोजी पहाटे इटिगट्टीजवळ तेथेच दावणगेरेहून गोव्याला सहलीला निघालेल्या मैत्रिणींच्या गाडीची टिप्परशी टक्कर झाली आणि दहाहून अधिक जीव गेले. तो अपघात पंक्चरचा नव्हता. परंतु समोरासमोर वाहने येणाऱ्या अशा रस्त्यावर चाकाशेजारी उकिडवे बसलेला माणूस मागून येणाऱ्या ड्रायव्हरला किती उशिरा दिसतो, याचा विचार ज्याने त्याने करावा. लेकरू आणि बायकामाणसे रस्त्यापासून दहा पावले आत उभी करावीत. संध्याकाळ असेल तर गाडीचा इंडिकेटर चालू ठेवावा, हेल्मेट डोक्यावरच असू द्यावे, आणि अंगावर फिकट कपडा असावा. खोगिराखाली चमकणाऱ्या पट्टीचा एक तुकडा ठेवला तर तो गाडीला मागून बांधता येतो. गवतात बसताना मात्र आधी पाय आपटून, काठीने चाचपून बसावे. आपल्याकडे घोणस पुष्कळ.

एक वाईट चाल येथे सांगणे भाग आहे. गाडी बंद पडली की लोक मागे रस्त्यावर दगड मांडतात, फांद्या ठेवतात. ते एक वेळ समजू शकते. पण काम झाले की गाडी सुरू होते आणि दगड तेथेच राहतात. एकदा आम्ही आजाऱ्याला पवित्र कम्युनियन देऊन रात्री अळणावरच्या बाजूने परतत होतो, तेव्हा वळणावर असे सात दगड ओळीने मांडलेले आढळले. जवळपास गाडी नव्हती, माणूस नव्हता. सोबतच्या तरुणाने आणि आम्ही ते दगड गटारीत ढकलले. सातही दगड भाकरीएवढे होते आणि दिव्याच्या उजेडात डांबरासारखेच काळे दिसत होते.

दुरुस्तीचे दोन प्रकार आहेत, कारण टायरचेच आता दोन प्रकार झाले आहेत. नव्या गाड्यांना आणि स्कूटरना बहुधा ट्यूबलेस टायर असतो. त्यात खिळा घुसलेला दिसला तर उपटू नये. तोच खिळा बुचासारखी हवा अडवून धरतो. हवा भरून, सावकाश, गाव गाठावे. सोबत टोचा, चिकट दोरीचे तुकडे आणि पायाचा किंवा हातातला पंप असेल तर वाटेतच काम होते. खिळा उपटायचा, टोच्याने भोक साफ करायचे, दोरी ओवून आत ढकलायची, बाहेरचे टोक कापायचे, हवा भरायची, आणि थुंकी लावून बुडबुडा येतो का ते पाहायचे. टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर असेल तर ही युक्ती चालत नाही, चालविण्याचा प्रयत्नही करू नये.

आऱ्यांच्या चाकात मात्र बहुतेक ट्यूब असते, आणि आपल्या खेड्यांतल्या गाड्या अजून पुष्कळशा अशाच आहेत. रिकाम्या चाकावर गाडी हाकली तर वॉलच्या मुळाशी ट्यूब फाटते आणि स्वस्तातला पॅच नव्या ट्यूबवर जातो. चाक न काढताही पंक्चर काढता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गाडी मधल्या स्टँडवर चढवावी, वॉलची पिन काढावी, टायरची एक कड पायाने दाबून रिममधून सुटी करावी. मग दोन पट्ट्या वीतभर अंतरावर घालून कड बाहेर काढावी व ट्यूब ओढून घ्यावी. थोडी हवा भरली की भोक सापडते. कानाला ऐकू येते, नाहीतर ओठाला गार लागते. ओठ आणि गाल पाण्याच्या बादलीपेक्षा चांगले काम करतात. भोकाभोवती खडबडीत कागदाने घासावे, सोल्युशन पातळ लावावे आणि वाळू द्यावे. येथेच घाई नडते. ओल्या सोल्युशनवर पॅच बसविला तर तो सुटतो. बोट लावून चिकटत नाही इतके वाळल्यावर बसवावा आणि पान्ह्याच्या पाठीने दाबावा. ट्यूब पुन्हा घालताना तिच्यात थोडी हवा ठेवावी, म्हणजे ती पट्टीत चिमटत नाही. टायरची कड वॉलच्या समोरच्या बाजूने बसवीत आणावी व वॉलपाशी शेवट करावा.

यात ट्यूब बसविण्यापूर्वीची एक पायरी आहे, आणि या लेखाचे आरोग्याचे अर्धे कारण तेच आहे. काटा अजून टायरमध्ये असतो. तो काढला नाही तर दुसरी ट्यूब पहिल्या फर्लांगात फुटते. म्हणून टायर आतून चाचपावा लागतो, आणि सगळे जण तो उघड्या बोटांनी चाचपतात. त्याऐवजी फडके किंवा रुमालाची गुंडाळी आतून फिरवावी. काटा असेल तेथे ती अडकते. काटा मग पकडीने बाहेरून ओढावा.

शेणामातीतून फिरून आलेल्या त्या काट्यावर धनुर्वाताचे बी असू शकते. हे जंतू जनावरांच्या शेणात व मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. त्यांना हवा मानवत नाही. म्हणून मोठ्या, भळभळ वाहणाऱ्या जखमेपेक्षा टाचणीएवढे खोल, वरून लगेच मिटणारे भोक त्यांना अधिक सोयीचे. असे भोक काट्याचेच. साधारणतः तीन ते एकवीस दिवसांत आजार उठतो. आधी तोंड उघडेनासे होते, दातखीळ बसते, मग मान आणि पाठ ताठ होते. तोवर माणूस काटा विसरून गेलेला असतो.

येथे आम्हास एक विसंगती दिसते. माता व नवजात बालके यांच्या धनुर्वाताचे आपल्या देशातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले, आणि ते मोठे काम आहे. बाळांना लस मिळते, शाळकरी मुलांना दहाव्या व सोळाव्या वर्षी मिळते, गरोदर मातांना मिळते. सोळा वर्षांपुढच्या पुरुषाला मात्र कोणी बोलावीत नाही. नांगर, कुदळ, शेणखत आणि बाभूळ यांच्याशी ज्याचा रोजचा संबंध, त्या चाळीस वर्षांच्या शेतकऱ्याला शेवटचे इंजेक्शन कधी घेतले हे विचारले तर तो हसतो. दर दहा वर्षांनी एक मात्रा घ्यावी असा नियम आहे. पूर्वीच्या टी.टी.च्या जागी सरकारी दवाखान्यात आता टी.डी. असते, तिच्यात घटसर्पाचाही बंदोबस्त आहे. काटा रुतला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने भरपूर धुवावी, हळद-चुना-शेण काही भरू नये, आणि मागील मात्रेला पाच वर्षे उलटली असतील तर एक-दोन दिवसांत दवाखाना गाठावा.

वेडी बाभूळ आणखी एक खोडी करते. तिच्या काट्याचे टोक आत मोडते. बोटाच्या पेराजवळ किंवा गुडघ्याजवळ मोडले तर आठवड्या-पंधरवड्यांनी सांधा सुजतो, दुखतो, आणि एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, कारण लाकूड एक्स-रेत सहसा दिसत नाही. अशा वेळी काटा रुतल्याची गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगावी. सोनोग्राफीत तो सापडू शकतो. मधुमेह असलेल्यांनी चप्पल काढून तळवा रोज पाहावा. त्यांच्या पायाला काटा कळतच नाही.

सोबत काही नसेल आणि दुकान दूर असेल तर उरते गाडी ढकलणे. साधी मोटारसायकल एकशे दहा किलोंच्या आसपास असते, बुलेट दोनशेच्या जवळ. एप्रिलच्या दुपारी, उपाशी पोटी, चढावर एवढे ओझे ढकलणे हे काही लहान काम नाही. छातीत दडपल्यासारखे झाले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर गाडी तेथेच सोडावी, सावलीत बसावे आणि १०८ ला फोन करावा. गाडीला चोर नेईल, ही भीती त्या वेळी बाजूला ठेवावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे, आणि कुठेही ११२. अनमोडच्या जंगलात फोनला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून घाट लागण्यापूर्वी रामनगरला थांबून घरी कळवून ठेवावे.

जुन्या लोकांची एक युक्ती आहे. ट्यूब गेलीच, आणि आजारी माणूस मागे बसलेला आहे, तर टायरची एक कड उघडून आत भाताचा पेंढा किंवा हिरवे गवत ठासून भरायचे आणि माणसाच्या चालीने गाडी गावापर्यंत न्यायची. टायर खराब होतो, पण गाव येते. आमच्या भागात शेताला लागून पेंढ्याची गंजी मिळतेच. शेतकऱ्याला विचारून घ्यावा एवढेच.

जुन्या बजाज चेतकवाल्यांना ही सर्व कटकट नव्हती. त्यांच्या स्कूटरला मागे जादा चाक असे, स्टेपनी. हा शब्द आपण मराठीच समजतो; तो वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून आला. त्या गावी डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास मोटारगाड्यांसाठी जादा चाक विकायला काढले. वेल्समधला रस्ता कोणाला ठाऊक नाही, पण त्याचे नाव आपल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी आहे. मोटारसायकलला स्टेपनी नाही, म्हणून तिच्या मालकाने निदान एक जादा ट्यूब, फडक्यात गुंडाळून, थोडी पावडर लावून, बाजूच्या डब्यात ठेवावी.

आणि मदत. रात्री हुबळीपासून यल्लापूरपर्यंत ज्या पंक्चर अंगडीचा दिवा जळताना दिसतो, ती बहुधा केरळच्या माणसाची असते. झाडाला टांगलेला एक जुना टायर, एक कॉम्प्रेसर आणि मागे बाकडे. घरापासून शेकडो मैल दूर राहून तो आपल्या गाड्या चालू ठेवतो. त्याच्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारी मोठी मोठी माणसे आम्ही पाहिली आहेत. वाटेत कोणी अडलेला दिसला तर पुष्कळ जण थांबत नाहीत, पुढे पोलीस-कोर्टाचे लचांड लागेल म्हणून. यरुशलेम ते यरीहो या वाटेवर याजक व लेवी कडेने निघून गेले, त्यांच्याकडेही काही कारण असेलच. आता तेही कारण उरलेले नाही. २०१६ साली सुप्रीम कोर्टाने आणि त्यानंतर २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने, कलम १३४ क मध्ये, अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. नाव-पत्ता सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही, दवाखान्यात त्याला अडवून ठेवता येत नाही. इंग्रजीत या कलमाला चांगल्या शोमरोनीचेच नाव आहे. पंक्चर होऊन उभ्या असलेल्याला तर एवढ्या कायद्याचीही गरज नाही. एक पंप पुरतो.

नाताळापूर्वीच्या दुसऱ्या रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर, चर्चच्या आवारात आमच्या धर्मग्रामातील एक मेकॅनिक टायर उघडून, पॅच लावून आणि ट्यूबलेसला दोरी ओवून दाखविणार आहेत. तरुण मुलींनीही यावे. स्कूटर त्याच अधिक चालवितात. घरी जुनी ट्यूब असेल तर आणावी, सरावाला उपयोगी पडेल. टी.डी.च्या इंजेक्शनसाठी ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांनी त्याच दिवशी दवाखान्याच्या सिस्टरांकडे द्यावे. पुरुषांनी विशेषतः.